कार्बन क्रेडिट: पत, जमा की श्रेयांक?

प्रश्न असा आहे: ‘गयानाच्या सरकारने वनपत विकून ७५ कोटी डॉलर मिळवले’ या वाक्यातली ‘वनपत’ म्हणजे काय, आणि कार्बन क्रेडिटला मराठीत पत म्हणावे, जमा म्हणावे की श्रेय?

‘पत’ आधी बाजूला काढू. पतपेढी, पतपुरवठा, पतमानांकन, बाजारातली पत, या सगळ्यांच्या मुळाशी उसनवारी आणि परतफेडीचा भरवसा आहे. त्यामुळे ‘वनपत’ वाचणाऱ्याला वाटणार की सरकारने जंगल गहाण टाकून कर्ज उचलले. तसे काही झालेले नाही. शिवाय पत विकता कुठे येते? ती असते, वाढते, नाहीतर जाते.

झाले ते असे. दक्षिण अमेरिकेतल्या या लहानशा देशाचा सुमारे ८५ टक्के भूभाग जंगलाखाली आहे, म्हणजे जवळपास १ कोटी ८० लाख हेक्टर. डिसेंबर २०२२मध्ये ‘आर्ट’ या प्रमाणन संस्थेने २०१६ ते २०२० या पाच वर्षांपोटी सरकारच्या नावावर ३ कोटी ३४ लाख ७० हजार क्रेडिट्स चढवली. त्याच महिन्यात हेस या अमेरिकी तेल कंपनीने २०३०पर्यंतच्या हिशेबातली ३ कोटी ७५ लाख क्रेडिट्स किमान ७५ कोटी डॉलरला घ्यायचा करार केला. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही याचा, अनुक्रमांक घातलेला दाखला. जंगलही विकले नाही, लाकूडही नाही. विकला तो दाखला. पैसेही एकरकमी नाहीत, वर्षांवर वाटलेले आहेत, तेव्हा त्या वाक्यातले ‘मिळवले’सुद्धा घाईचेच.

‘जमा’ला माझा तितका विरोध नाही. वहीत जमा आणि नावे असतेच, आणि क्रेडिट खात्यावर जमाच होते. पण ‘कर्बजमा’ म्हटले की आपला शेतकरी मातीतल्या सेंद्रिय कर्बाकडे बघणार: शेणखत घातले, कर्ब वाढला, साठला. गयानात नवे काही साठले म्हणून हे दाखले मिळालेले नाहीत. होते ते जागच्या जागी राहिले, त्याचे मिळाले.

राहता राहिले ‘श्रेय’. या शब्दाला आपल्याकडे राजकारणाचा वास लागला आहे. पूल कुणीही बांधो, उद्घाटनाला श्रेय लाटायला चौघे हजर. तरी इथे तो शब्द आश्चर्य वाटावे इतका चपखल बसतो, कारण विकत घेणाऱ्याला हवे असते ते श्रेयच. एवढे टन आमच्यामुळे वाचले, असे म्हणायचा हक्क तो विकत घेतो आणि स्वतःच्या धुरातून तेवढी वजावट दाखवतो. (या वजावटीला इंग्रजीत ‘ऑफसेट’ म्हणतात आणि मराठीत सर्रास ‘भरपाई’ लिहितात. ज्याचे नुकसान झाले त्याला मिळते ती भरपाई. इथे आयकराच्या फॉर्मातली ‘वजावट’च खरी.) हवामानबदलाविषयीच्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली सरकारने परवानगी देऊन असे टन बाहेर दिले, तर ते स्वतःच्या हिशेबात धरायचे नसतात. एका श्रेयाचे दोन धनी होऊ नयेत म्हणून ही तजवीज. विद्यापीठांनी ‘श्रेयांक’ हा शब्द आता रुळवलाच आहे, आणि त्यातला ‘अंक’ मोजणी दाखवतो. तेव्हा ‘कार्बन श्रेयांक’. रोजच्या बातमीत ‘कार्बन क्रेडिट’ लिहिले तरी बिघडत नाही.

पण माझ्या मते खरी गोम नामापेक्षा क्रियापदात आहे. ‘गयानाने जंगल वाचवले’ असे लिहिले जाते. वाचवायला आधी संकट लागते, आणि गयानात जंगलतोड पहिल्यापासूनच फार कमी. नेहमीची पद्धत लावली, म्हणजे मागच्या तोडीशी आताची तोड ताडून पाहिली, तर अशा देशाच्या पदरात जवळपास काहीच पडले नसते. म्हणून जंगल भरपूर आणि तोड थोडी अशा प्रदेशांसाठी वेगळे सूत्र काढले गेले. टीकाकारांचा आक्षेप नेमका इथेच आहे: जे तसेही उभे राहणार होते त्याचे श्रेयांक कशासाठी? सरकारचे म्हणणे, आम्ही राखले म्हणून आम्हाला शिक्षा का? ‘राखणे’ हे आपले क्रियापद हा वाद निम्मा उघड करून दाखवते. राखण, राखणदार, राखीव जंगल. राखणदाराला चोर आला नाही म्हणून पगार थांबत नाही. माझा कौल ‘राखले’ला आहे. खरेदीदार मात्र चोर कधी येणार होता का हे विचारणारच, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्यात हा खरेदीदार, म्हणजे हेस, करार झाला तेव्हा याच देशाच्या समुद्रातल्या स्टाब्रोक तेलपट्ट्यात ३० टक्क्यांचा भागीदार होता.

कोस्टारिकाला मात्र ‘राखले’ पुरत नाही. तिथे जंगल आधी मोठ्या प्रमाणावर गेले आणि मग परत आले. १९९६च्या वनकायद्याने सरकार जमीनमालकांना जंगल ठेवण्याबद्दल पैसे देऊ लागले, त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. त्या पैशाला ‘मोबदला’ म्हणावे. २००९पासून नॉर्वेने गयानाला २५ कोटी डॉलरपर्यंत देऊ केले, तोही मोबदलाच होता. त्या व्यवहारात श्रेयांक हस्तांतरित झाले नाहीत, म्हणून ती विक्री नव्हे.

आणखी एक शब्द खटकतो. हेसच्या पैशातले किमान १५ टक्के दोनशेहून अधिक मूळनिवासी आणि इतर गावांना जातात, आणि बातम्यांत त्याला ‘मदत’ किंवा ‘अनुदान’ म्हणतात. त्या गावांचे जंगल मोजणीत धरले आहे. मग तो ‘हिस्सा’ झाला. संमती नीट घेतली गेली नाही, अशी तक्रार तिथल्या अमेरिंडियन पीपल्स असोसिएशनने २०२३मध्ये ‘आर्ट’कडे केली, ती फेटाळली गेली. गावच्या प्रमुखांना तिथे ‘तोशाओ’ म्हणतात, तो शब्द तसाच ठेवावा. ‘सरपंच’ केला की आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून ग्रामसेवकापर्यंत सगळे आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते.

वापरून झालेले क्रेडिट ‘निवृत्त’ झाले असेही वाचले. त्याला पेन्शन मिळत नाही. जमाखर्चाच्या भाषेत ते ‘खर्ची पडले’. एकदा खर्ची पडलेला अनुक्रमांक पुन्हा कुणाला विकता येत नाही.