‘शिक्षा’, ‘संभ्रम’ आणि ‘खाली’: अर्थ कुणाचा खरा?

उदगीरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, मग मूळ संस्कृत अर्थ मराठीनं बिघडवला का? बिदरच्या पाहुण्यांकडून आलेल्या कन्नड लग्नपत्रिकेत ‘संभ्रम’ शब्द वाचून त्या चमकल्या. शिवाय खाली म्हणजे ‘तळाला’ आणि खाली म्हणजे ‘रिकामं’, हा शब्द एकच की दोन, असंही त्यांनी विचारलंय.

मराठीनं काही बिघडवलेलं नाही आणि ती यात एकटीही नाही. कन्नडात ‘शिक्षे’ आणि तेलुगूत ‘शिक्ष’ म्हणजे दंडच. उदगीरहून बिदरला जा नाहीतर देगलूरहून पुढं तेलंगणात, हा अर्थ सोबतच येतो. १९५६ पर्यंत मराठवाडा या शेजाऱ्यांसोबत एकाच हैदराबाद राज्यात होता. तरीही मराठी शब्द जोखायचा म्हटलं की आपण आधी हिंदीकडं बघतो, याचं मला वाईट वाटतं.

आता मूळ पाहू. संस्कृतातली ‘शिक्षा’ ‘शक्’ धातूच्या इच्छार्थी रूपातून आली. समर्थ व्हावं अशी इच्छा धरणं, म्हणून शिकणं. वेदांच्या अभ्यासाला लागणाऱ्या सहा शास्त्रांत, म्हणजे वेदांगांत, तर ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र. आपलं ‘शिकणं’ आणि हिंदीतलं ‘सीखना’ याच घरातले, प्राकृतातल्या ‘सिक्ख’मधून आलेले. ‘शिष्य’ मात्र, दिसायला कितीही सख्खा वाटला, तरी दुसऱ्या घरचा. त्याचा धातू ‘शास्’. शासन, शास्त्र, अनुशासन हे त्याचे भाऊबंद. या ‘शास्’मध्ये शिकवणं आणि दंड करणं हे दोन्ही अर्थ जुन्या काळापासून एकत्र नांदतात. मराठीत ‘गुन्हेगाराला शासन झालं’ असं आपण म्हणतोच की. ‘शिक्षा’ही त्याच वाटेनं गेली, असं माझं मत आहे. ‘थांब, तुला चांगला धडाच शिकवतो’ ही धमकी असते, शिकवणी नव्हे. आणि हिंदीवालेही ‘सबक सिखाना’ म्हणतातच. शिकवण्याला दंडाचा अर्थ चिकटायला वेळ लागत नाही.

पत्रिकेतला ‘संभ्रम’ही आपलाच, फक्त कन्नडात त्याचा अर्थ आनंदसोहळा. ‘भ्रम्’ म्हणजे गरगर फिरणं. त्यावरून संस्कृतात ‘संभ्रम’ म्हणजे धांदल, लगबग, उत्साह. लग्नघरातली लगबग कन्नडानं ठेवली, डोकं गरगरणं मराठीनं. हे विचित्र वाटत असेल तर आपला ‘गोंधळ’ आठवा. लग्न झालं की आपल्याकडं तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ घालतात, संबळ वाजतो, रात्र जागते. तोच शब्द आपण अव्यवस्थेलाही वापरतो, आणि कन्नडातही ‘गोंदल’ म्हणजे अव्यवस्थाच. उत्सव आणि घोटाळा एकाच शब्दात मावतात हे आपल्याला कुणी सांगायला नको.

  

‘खाली’चं मात्र जपून. हे दोन वेगळे शब्द आहेत. एक आपला: ‘खाल’ म्हणजे सखल भाग, त्याची सप्तमी ‘खाली’. दुसरा अरबी, उर्दूच्या वाटेनं आलेला, म्हणजे रिकामा. पुण्याकडं हा दुसरा कमी ऐकू येतो. आपल्याकडं दोन्ही रोजच्या बोलण्यात आहेत. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कुणी म्हटलं, ‘पोतं खाली कर,’ तर ते डोक्यावरून उतरवायचं की उपडं करून रिकामं करायचं, हे प्रसंगावरूनच कळतं. ओळखायची खूण सोपी आहे. खालचा, खालून, खालती ही रूपं फक्त मराठी ‘खाली’ला होतात. अरबी ‘खाली’ नामाआधी विशेषण होऊन बसतो: खाली पोतं, खाली हात, खाली डबा.