वाचकांचे प्रश्न : "सोळाशे फुटांच्या आत परवानगी लागत नाही, हे खरं का?"

(उत्तरं : निवृत्त ग्रामविकास अधिकारी)

प्रश्न : आमचं गाव पाटण तालुक्यात. गावठाणात सासऱ्यांचं जुनं मातीचं घर आहे, जागा सव्वा गुंठा. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. नमुना 8 वर अजून त्यांचंच नाव आहे. यजमान स्वतः गवंडी आहेत, त्यामुळे घर आमचं आम्हीच बांधणार. मी आणि थोरला मुलगा हाताखाली. ग्रामपंचायतीत विचारलं तर शिपाई म्हणाला, "सोळाशे फुटांच्या आत परवानगीच लागत नाही. पाडा आणि सुरू करा." हे खरं आहे का? घरात गवंडी असताना इंजिनिअरला पैसे कशाला द्यायचे?
— एक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, जुनं घर आत्ता पाडू नका. आधी कागद करा, मग पहार घ्या.

शिपायाने सांगितलं ते अर्धंच आहे. राज्याने 2 डिसेंबर 2020 रोजी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. त्या आधारे 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने गावांसाठी सोय केली. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण 1600 चौरस फुटांपर्यंत असेल, तर ग्रामपंचायतीच्या परवानगीची वाट पाहत बसावं लागत नाही. पण चार कागद दाखल करावे लागतात : मालकीचा पुरावा, जागेच्या मोजणीचा नकाशा, घराचा नकाशा, आणि हे सगळं नियमावलीला धरून आहे असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला. ठरलेलं शुल्क भरून पावती घ्यायची, मग काम सुरू. 1600 ते 3200 फुटांच्या भूखंडालाही असाच दाखला लागतो, फक्त तिथे ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यापुढच्या भूखंडाचं प्रकरण नगररचनाकाराकडे जातं. हे आकडे भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नाहीत. "माझं घर पंधराशे फुटांचंच आहे" म्हणणारी, पण जागा चार गुंठे असलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत.

तुमचा सव्वा गुंठा म्हणजे 1361 चौरस फूट. तुम्ही पहिल्याच गटात बसता.

आता मालकीचा पुरावा. गावात सगळ्यांना वाटतं की नमुना 8 वर नाव आहे, म्हणजे घर आपलं. नमुना 8 हा घरपट्टी आकारण्याची नोंद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. तुमच्या गावात ड्रोनची मोजणी झाली का, ते आधी विचारा. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. तिच्यात घराच्या कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा मारतात, वरून ड्रोन फिरतो आणि पुढे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तयार होते. तुमची पत्रिका निघाली असेल तर तिच्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा. सासऱ्यांचंच असेल तर आधी वारस नोंद.

आणि वारसांत तुमची नणंद असेल, तर तिला विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. दिरांची संमती सगळे घेतात, नणंदेकडे मात्र "ती कुठे येतेय भांडायला" म्हणून कोणी जात नाही. मला हे फार खटकतं. तिला माहेरी बोलवा, नकाशा दाखवा आणि संमतीपत्रावर तिची सही घ्या. तिला हिस्सा हवा असेल, तर ते जोतं भरण्याआधी कळलेलं बरं.

मोजणीबद्दल मात्र मी हट्टाने सांगणार, कारण ते मी स्वतः भोगलंय. 1998 मध्ये गावाकडे घर बांधलं तेव्हा मी नोकरीत होतो. लोकांना मोजणी करा म्हणून सांगायचो, आणि स्वतःच्या घराला वडिलांच्या वेळच्या निवडुंगाच्या कुंपणावर भरवसा ठेवला. स्लॅब पडल्यावर चुलतभावाने मोजणी आणली. माझी मागची भिंत त्याच्या जागेत दोन फूट गेली होती. भिंत पाडली, स्वयंपाकघर लहान झालं, त्याचं मला फारसं काही नाही. पण भाऊ अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. माझ्या आईच्या दहाव्यालासुद्धा तो दूर उभा होता. म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीदार येईल त्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर ठेवा, आणि नकाशाची 'क' प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळते ती) घेतल्याशिवाय फक्कीने पायाची आखणी करू नका. जुन्या गावठाणात दोन घरांमध्ये एकच भिंत असते. तुमचीही तशी असेल, तर ती पाडण्याआधी शेजाऱ्याशी लेखी ठरवा आणि जुन्या घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

राहिला इंजिनिअर. बांधायला ठेकेदारच हवा असं कुठे नाही. यजमानांनी स्वतःच्या हाताने खुशाल बांधावं. पण दाखल्यावर सही परवानाधारकाचीच लागते, गवंडी कितीही कसबी असला तरी. आणि तुमच्या तालुक्यात तर ही सही मी फुकटची म्हणणार नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो याच भागात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. इंजिनिअरकडून नुसता शिक्का घेऊ नका. जोत्याची पट्टी, लिंटेलची पट्टी, कोपऱ्यातलं लोखंड कसं घ्यायचं ते यजमानांनी त्याच्याकडून समजून घ्यावं. कॉलमच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवायची असतात. गावाकडे ती काटकोनात वाकवून सोडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. धक्का बसला की अशी रिंग उघडते. यजमान कारागीर आहेत, एकदा पाहिलं की त्यांच्या हातात बसेल.

कागद दाखल करताना दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. उद्या सरपंच बदलले, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) बदलून गेले, तरी तुमच्या हातात पोच असेल. कोणी "राहू द्या, मी बघतो" म्हटलं तर पोच मिळेपर्यंत तिथेच बसून राहा.

प्रश्न : माझी दोन एकर शेती आहे, गावठाणापासून पाऊण किलोमीटरवर. जनावरांजवळ राहायला दोन खोल्या आणि गोठा बांधायचा आहे. एनए (बिगरशेती) करावं लागेल का?
— एक शेतकरी, जि. धाराशिव

उत्तर : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायला, जनावरं बांधायला आणि कसणाऱ्याच्या कुटुंबाला राहायला बांधलेली इमारत त्यात येते. तुमचं काम शेतीसाठीच असेल तर एनए नको. मात्र शहरांच्या आसपासच्या पट्ट्यात शेतघरालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि क्षेत्राची मर्यादा आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्या. पुढे त्या खोल्या भाड्याने दिल्या किंवा रस्त्याला लागून हॉटेल टाकलं, तर ते शेतघर राहत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असती, तर रूपांतर कर भरून ती बिगरशेती धरली गेली असती. तुमची त्याबाहेर आहे.

प्रश्न : वादळात आमच्या चिऱ्याच्या घराची कौलं गेली. आता पत्रा टाकायचा आहे, आणि माळ्यासाठी भिंत तीन थर उंच करायची आहे. परवानगी लागेल का?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : त्याच उंचीवर छप्पर बदलणं, प्लास्टर, फरशी, रंग ही दुरुस्ती आहे, तिला परवानगी नको. भिंतीचे तीन थर चढवले की उंची बदलली, मग नकाशा आणि अभियंत्याचा दाखला आलाच. पावसाळा तोंडावर असेल तर आहे त्या उंचीवर पत्रा टाकून घ्या. नुकसानीचा पंचनामा झाला नसेल तर पत्रा चढवण्याआधी तलाठ्यांना बोलवा, कारण छप्पर झाकल्यावर काय मोडलं होतं हे दाखवता येणार नाही. माळ्याचे कागद दिवाळीनंतर करा.