हुर्राकपासून सुरुवात करा

मे महिन्यात घरी मित्र जमणार असतील, तर शेकर, सिरप, महागड्या बाटल्या यांच्या मागे लागू नका. गोव्यात असाल तर हुर्राक आणा. काजूच्या बोंडांच्या रसाची ही एकदाच गाळलेली दारू साधारण मार्च ते मे एवढीच मिळते, आणि फेणीपेक्षा बरीच सौम्य असते.

उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. ६० मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची. वरून गार लिम्का हळूच ओता, चमचा एकदाच फिरवा. बस्स!

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- बर्फ कमी घालतात. दोन-चार खडे लगेच वितळतात आणि सगळं पाणचट होतं. माणशी अर्धा किलो बर्फ धरा.
- मिरचीचे तुकडे करतात. बिया सुटल्या की तिखटाशिवाय काही लागत नाही. देठासकट उभी चीर पुरे.
- हुर्राक संपली की त्याच मापाने फेणी ओततात. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते. ३० मिलीच घ्या.

न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत, सोडा, मीठ, तीच मिरची, अगदी तसाच ग्लास. हे विसरू नका, त्यांनाही पाहुणचार हवाच. सोबत खारे काजू किंवा तळलेले बांगडे ठेवा, आणि गाडी चालवणारा कोण ते आधीच ठरवा.

फेणीची कॉकटेल्स पुढच्या वेळी. आधी हे एक हाताखालून जाऊ द्या, छान जमेल.