झेड-स्कॅन लावण्याआधी

अरे भाऊ, झेड-स्कॅनमध्ये नमुना लेझरच्या केंद्रबिंदूतून पुढेमागे सरकवत पार जाणारा प्रकाश मोजतो ना, त्याचा आलेख पहिल्याच आठवड्यात सुरेख आला म्हणून हुरळून जाऊ नकोस. लेझर सलग चालणारा आहे ना? मग द्रावण तापतं, मधोमध अपवर्तनांक घसरतो आणि नमुना अंतर्गोल भिंगासारखा वागतो. आलेखात आधी शिखर, मग दरी दिसते ती बहुतेक या उष्णतेचीच. तिला रेणूंतल्या इलेक्ट्रॉनांचा परिणाम म्हणून लिहिलंस तर परीक्षक सोलून काढतील. मी भोगलंय ते. फेम्टोसेकंद स्पंद मिळाले तरी ते सेकंदाला कमीच सोड, नाहीतर उष्णता साचते.

आधी रिकामी क्युव्हेट (द्रावण भरायची छोटी पारदर्शक कुपी), मग नुसतं द्रावक, शेवटी नमुना. मांडणी कार्बन डायसल्फाइड या संदर्भ-द्रवावर ताडून घे, पण फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) भर: विषारी, झटकन पेट घेणारं, आणि उकळतं ४६ अंशांना. आपल्या नागपूरचा मे महिना तुला माहीतच आहे!

आणि हो, खिडकीतला कूलर बंद. वाऱ्यानं किरण थरथरतो, ओलाव्यानं केडीपीचा (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, लेझरची वारंवारता दुप्पट करणारा) स्फटिक धुरकटतो. १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पीटर फ्रँकन यांच्या गटाला क्वार्ट्झमधून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळाला, तोही फोटोप्लेटवर जेमतेम ठिपका. छापताना तो डाग समजून पुसला गेला म्हणतात. तेव्हा तुझे ठिपके वहीत लगेच नोंदव, पॉवर मीटरच्या आकड्यासकट.