लायब्ररीतल्या नोकरीसाठी कॅनडाला येण्याआधी काय शिकू? तुझ्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

अगं, तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोपच लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय. तू ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय. लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत सात वर्षं काम, एम.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स झालेली, सोल हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर येतं, नवऱ्याला टोरांटोच्या बाजूला नोकरी लागलीय, मुलगी दुसरीत आणि निघायला आठ महिने. तेवढ्यात पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा करू की डेटा सायन्सचा तो दीड लाखाचा कोर्स करू, असं विचारलंयस. अकरा वर्षांपूर्वी मी नाशिक जिल्ह्यातल्या ब वर्गाच्या वाचनालयातून निघाले तेव्हा माझा मुलगाही दुसरीतच होता. हाच प्रश्न मलाही पडला होता, पण विचारायचं कुणाला तेच माहीत नव्हतं.

व्हिसा, पॉइंट, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. दीड लाखाचा कोर्स करू नकोस. ते पैसे पहिल्या हिवाळ्यासाठी ठेव.

कागदांचं मात्र आधी सांगते, कारण त्यात माझं अख्खं वर्ष गेलं आणि तो राग अजून उतरलेला नाही. माझी डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मधलं नाव एका मार्कमेमोवर वडिलांचं तर दुसऱ्यावर नवऱ्याचं. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही, पण इथे परदेशी डिग्री तपासणाऱ्यांना त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून हवं होतं. माझा भाऊ त्यासाठी चार वेळा गेला, तीनदा साहेब रजेवर, चौथ्यांदा पाकीट मिळालं पण शिक्का तोंडावर न मारता मागच्या बाजूला, आणि तेवढ्यावरून ते परत आलं. म्हणून तू उद्याच्या उद्या गॅझेट, लग्नाचा दाखला, सगळे मार्कमेमो एका फाइलला लाव, नाव कुठे कसं आहे ते स्वतः ओळ न् ओळ वाच, आणि ट्रान्स्क्रिप्टची दोन पाकिटं जास्तीची घेऊन ठेव. तिथे असताना चार हेलपाट्यांत होणारं काम इथून चार महिन्यांचं होतं.

आता नोकरीचं. इथे लायब्ररीत पायऱ्या असतात. सगळ्यात खाली पेज, म्हणजे पुस्तकं कपाटात लावणारी व्यक्ती, मग असिस्टंट, मग टेक्निशियन ज्याला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो, आणि मग लायब्रेरियन. लायब्रेरियनच्या जाहिरातीत बहुतेकदा लिहिलेलं असतं की अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मान्यता दिलेली मास्टर्स हवी किंवा तिच्या तोडीची. कॅनडातल्या टोरांटो, वेस्टर्न, मॅकगिल, ब्रिटिश कोलंबिया अशा विद्यापीठांत ती होते. आपली एम.लिब. कागदावर तोडीची ठरली तरी इंटरव्ह्यूला बोलावणाऱ्याला ती ओळखीची नसते. मी ग्रंथपाल होते, माझ्या हाताखाली दोन माणसं होती, आणि इथे मी पेज म्हणून लागले, आठवड्याला बारा तास. ट्रॉली ढकलताना पहिल्या आठवड्यात रडू आलं. पण मी नोकरी सोडली नाही, कारण त्या बारा तासांत मला इथली लायब्ररी आतून दिसली. पुढे डिप्लोमा केला आणि टेक्निशियन झाले. तू मास्टर्स करशील की डिप्लोमा ते पैसे आणि मुलीचं वय बघून ठरव, पण आल्या आल्या लायब्रेरियनचीच खुर्ची मिळेल असं मनात धरून येऊ नकोस.

आठ महिन्यांत काय शिकायचं? सगळ्यात आधी मार्क, म्हणजे पुस्तकाची नोंद मशीनला वाचता येईल अशी लिहायची ठरलेली पद्धत. तू म्हणशील ते तर एम.लिब.ला झालं. झालं गं, परीक्षेपुरतं. सोलमध्ये आपण फॉर्म भरतो, शीर्षक, लेखक, प्रकाशक, आणि खाली मार्कचा रेकॉर्ड आपोआप तयार होतो, तो उघडून कधी बघत नाही. तू तो उघड. त्यात रकान्यांना नंबर असतात, १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय, हे पाढ्यांसारखं पाठ व्हायला हवं. हेन्रिएट अव्हराम या बाईंनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मार्क उभा केला. त्या मूळच्या प्रोग्रामर, लायब्ररीचं शिक्षण नव्हतं. पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डावरची एक एक ओळ कशासाठी असते हे त्यांनी आधी समजून घेतलं आणि मग ते मशीनला सांगितलं. आपलं उलटं आहे, कार्ड आपल्याला येतं, मशीनशी बोलायचं शिकायचंय. म्हणून मला वाटतं आपल्याला ते सोपं जायला हवं, फक्त कुणीतरी तसं सांगायला हवं.

मग कोहा, म्हणजे लायब्ररी चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या लायब्ररीने जुनी सिस्टीम २००० साली बंद पडेल या भीतीने १९९९ मध्ये ते करून घेतलं आणि जगाला फुकट दिलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत ते आहे. तू घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाक, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो, त्यात डेबियन ही विंडोजसारखी पण फुकट सिस्टीम, त्यात कोहा. पहिल्यांदा नाही चालणार, दुसऱ्यांदाही नाही चालणार, तरी सोडू नकोस, कारण एरर वाचायची सवय त्यातूनच लागते. मग घरातली पन्नास पुस्तकं त्यात चढव, झेड ३९.५० या लायब्ररी-लायब्ररीतल्या देवाणघेवाणीच्या सोयीवरून बाहेरचे रेकॉर्ड ओढून आण, आणि रिपोर्ट काढ. कोहात अगदी हवा तसा रिपोर्ट काढायला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लागते. पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तकं कोणती, हा प्रश्न तुला निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी पुस्तकं काढून टाकायच्या, वेळी पडलाच असेल, रजिस्टर घेऊन आपण कपाटं धुंडाळतो. तोच प्रश्न एसक्यूएलमध्ये विचारायला शिकलीस की अर्धं एसक्यूएल आलं. इथल्या लायब्ररीत कोहाच असेल असं नाही, अल्मा असेल, दुसरं काही असेल, पण आत बहुतेक ठिकाणी मार्कचेच रेकॉर्ड असतात.

त्यानंतर मार्कचे रेकॉर्ड एकगठ्ठा दुरुस्त करायला मार्कएडिट आणि याद्या साफ करायला ओपनरिफाइन, दोन्ही फुकट. ओपनरिफाइनमध्ये तुमच्या कॉलेजची जुनी एक्सेल यादी टाकून बघ, एकाच प्रकाशकाचं नाव किती तऱ्हांनी लिहिलंय ते एका मिनिटात दिसेल. लायब्ररी कार्पेंट्रीचे धडे नेटवर फुकट आहेत, खास लायब्ररीवाल्यांसाठी लिहिलेले, ते क्रमाने कर. पायथॉन सगळ्यात शेवटी. ते वाईट म्हणून नाही, पण हातात खराब डेटा आला की मगच ते कशाला हवं ते कळतं.

आणि एक टेक्नॉलॉजी कुठल्याच कोर्समध्ये नसते. मला इंटरव्ह्यूत मार्क विचारलंच नाही. विचारलं काय, तर ऐंशी वर्षांचे आजोबा टॅबलेट घेऊन आले, ई-पुस्तक उघडत नाही, पासवर्ड आठवत नाही, मागे रांग लागलीय, तुम्ही काय कराल. मी म्हणाले, टॅबलेट घेईन आणि करून देईन. चुकलं. त्यांच्या हातून करवून घ्यायचं, त्यांच्या स्क्रीनकडे गरजेपुरतंच बघायचं, पासवर्ड टाकताना मान वळवायची, आणि रांगेला शांतपणे सांगायचं. आपल्याकडे काउंटरवर आपण करून देतो, त्यात आपुलकी असते, पण इथे ती वाचकाच्या खाजगीपणात ढवळाढवळ धरतात. कोण काय वाचतं ते नवऱ्यालाही सांगायचं नसतं. मोबाइलवरून प्रिंट, नोकरीचे ऑनलाइन अर्ज, स्कॅन करून मेल, दिवसातला निम्मा वेळ यात जातो आणि समोरचा माणूस बरेचदा तुझ्यामाझ्यासारखा नुकता उतरलेला, घाबरलेला असतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टोरांटो पब्लिक लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, शंभर शाखांची ही लायब्ररी, वेबसाइट बंद, लोकांसाठीचे कॉम्प्युटर बंद, परत आलेली पुस्तकं जमा करून घेता येईनात, आणि ते महिनोन् महिने चाललं. शाखा मात्र उघड्या होत्या आणि पुस्तकं दिली जात होती. मी त्या लायब्ररीत नाही, पण त्या दिवसांत मला आपलं देवघेवीचं रजिस्टर फार आठवलं. ते ज्ञान फेकून देऊ नकोस.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडतो, जाड जॅकेट घे आणि रोज बाहेर पड. त्यावर जास्त लिहीत नाही.

मुलीच्या शाळेचं तू एका ओळीत विचारलंयस, 'शाळा चांगल्या असतात ना?' मला तेच लिहायचंय खरं म्हणजे. ओंटारिओत वर्ग ठरतो तो जन्माच्या वर्षावरून. माझा मुलगा डिसेंबरचा, तिकडे मराठी शाळेत दुसरीत होता, इथे थेट तिसरीत बसवला. वर्गात तो बोलेना. तीन आठवड्यांनी शाळेने बोलावलं आणि बाईंनी फार प्रेमाने सांगितलं की घरी फक्त इंग्लिश बोला, म्हणजे लवकर सुधारेल. आम्ही ऐकलं. नवरा आणि मी, दोघं दमून घरी यायचो आणि आपल्याच पोराशी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायचो. तो सहा महिन्यांत बोलायला लागला, शाळा खूश, आम्ही खूश. आजीशी फोनवर 'हो आजी, बरा आहे आजी', यापुढे गाडी जाईना, आणि मग तेही आम्ही शेजारी बसून सांगायचो तेव्हा.

दोन वर्षांनी डिप्लोमा करताना लहान मुलांच्या वाचनावरचा तास होता. त्यात शिकवलं की नव्याने आलेल्या पालकांना सांगा, घरी आपल्याच भाषेत बोला, गोष्टी सांगा, त्याने मुलाचं इंग्लिशही पक्कं होतं. मी वही मिटून बाहेर जिन्यात जाऊन बसले. आज मी स्वतः काउंटरवर रोज कुणाला ना कुणाला हे सांगते, पंजाबी बाईला, अरबी बाईला, आणि दर वेळी घशात येतं. त्या शिक्षिकेचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. तरी मी तिला माफ केलंय का, मला माहीत नाही. स्वतःला तर नाहीच.

आता हे सगळं तुझ्या टेक्नॉलॉजीच्या प्रश्नाला कुठे जोडलंय ते सांगते. मला कायमची नोकरी मिळाली ती मराठीमुळे. लायब्ररीला देणगीत दोन खोकी मराठी पुस्तकं आली होती, कुणीतरी आजोबा गेले आणि मुलांनी आणून दिली. सहा महिने ती तळघरात पडून होती कारण नोंद करणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं मी करते. नियम असा की मराठी नावं आधी रोमन लिपीत, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे लिहायची, आणि त्या तक्त्यात शेवटचा अ सुद्धा लिहायचा. म्हणजे तुकाराम लिहिताना म नंतर आणखी एक इंग्रजी 'ए' येतो. आपला माणूस तसं कधी टाइप करणार नाही, त्याला पुस्तक सापडणार नाही. म्हणून ८८० हे फील्ड, म्हणजे रकाना, असतं, त्यात तीच ओळ देवनागरीत लिहायची आणि सबफील्ड ६ या उपरकान्याने ती २४५ ला बांधायची. हे मी रात्री घरी कोहावर करून करून शिकले.

तरी काही पुस्तकं सापडेनात. दोन दिवस डोकं धरून बसले तेव्हा कळलं की गडबड 'ॲ' ची होती. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, एक म्हणजे अ वर चंद्र देऊन, आणि दुसरं युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलेलं अख्खं एक अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखी, मशीनला वेगळी. रेकॉर्डमध्ये एक आणि वाचकाच्या कीबोर्डवर दुसरं, मग शोध रिकामा. मी मार्कएडिटमध्ये सगळे रेकॉर्ड एका तऱ्हेचे केले आणि दुसरी तऱ्हा २४६ मध्ये जोड-शीर्षक म्हणून टाकली. हे इथे कुणालाच सापडलं नसतं, कारण ते अक्षर वाचता येणारी मी एकटी होते. त्या दिवशी मॅनेजर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, मला हे दाखव. त्याआधी कुणी मला काही दाखवायला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलगा मला न्यायला आला होता, सोळा वर्षांचा, नुकतं लायसन्स मिळालेलं. मी स्क्रीनकडे बोट केलं आणि म्हटलं, वाच बघू, आईने केलंय. खाली देवनागरी ओळ होती, वर रोमन. त्याने खालच्या ओळीवरून नुसती नजर फिरवली आणि वरची वाचली, अक्षर अक्षर लावत. 'तुकारामा', तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून हसला, बरोबर आहे ना, अशा अर्थाने. मी हो म्हटलं.

म्हणून तुझ्या मुलीची बालभारती बॅगेत टाक, दुसरीची आणि तिसरीची सुद्धा. बृहन्महाराष्ट्र मंडळ या इकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या मराठी शाळा आहेत, इथल्या शाळा बोर्डांचे इतर भाषांचे वर्गही असतात, जवळ काय आहे ते घर भाड्याने घ्यायच्या आधी बघ, नंतर नाही. आणि शाळेने बोलावून घरी इंग्लिश बोला म्हटलं तर ऐकून घे, घरी ये आणि तिच्याशी मराठीत बोल.

कोहा बसवताना एरर आली की इथेच लिही, स्क्रीनवरची पूर्ण ओळ लिही, 'चालत नाही' एवढंच नको. आणि पहिला रेकॉर्ड मराठी पुस्तकाचा कर, ८८० सकट. मी बघून देईन.