सोलरच्या गरम पाण्यावर घराची फरशी तापवता येते का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात बंगला बांधताय, मुलाकडं जर्मनीत पायाखालची फरशी कोमट असलेली बघितली, तसंच इथं आईंच्या खोलीत गच्चीवरच्या सोलरवर जमेल का. मी प्लंबिंगचीच कामं घेतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फरशीखाली फिरणारं पाणी उकळतं वगैरे नसतं. खोली गरम करायला भिंतीवर लावतात त्या रेडिएटरला ६०-७० डिग्री लागतंय, इथं ३५ ते ४५ मध्ये भागतं कारण अख्खी खोलीच खालनं तापते. राहत्या खोलीत फरशी वरनं २९ डिग्रीच्या पुढं न्यायची नसते, पायाला नकोसं होतं.

काम असं करतात, खाली इन्सुलेशनची शीट, भिंतीकडेनं फोमची पट्टी कारण कोबा तापला की पसरतो, आणि त्यावर १६ एमएमचा पेक्स पाइप (गरम पाणी सोसणारा, वळणारा प्लॅस्टिकचा पाइप) १५-२० सेंटिमीटर अंतरानं जिलेबीसारखा आत वळवत नेऊन परत बाहेर आणायचा, म्हणजे गरम जाणारी आणि गार होऊन येणारी लाइन शेजारी शेजारी पडते, फरशी सगळीकडं सारखी तापते. कोब्याखाली एकही जॉइंट नको. एक लूप साधारण १०० मीटरच्या आत, नाहीतर पंपाला जड जातंय. मग पाइपात प्रेशर भरून गेज लावायचा आणि प्रेशर तसंच ठेवून कोबा घालायचा. गवंड्याचं फावडं लागून पाइप फुटला तर काटा तिथंच खाली येतो आणि ओल्या कोब्यात दुरुस्त करता येतं. वर फरशी बसल्यावर कळून काय उपयोग!

खालच्या शीटवर मात्र पैसे वाचवू नका, जोत्यात मुरूम भरलेला असतो, सगळी ऊब त्या मुरमात जाईल.

आता सोलर. २०० लिटर पाणी ६० वरनं ३० वर आलं की साधारण ७ युनिट उष्णता मिळते, आपल्या थंडीत एका खोलीची रात्र त्यात निघते. पण सकाळी आंघोळीला तेच पाणी पाहिजे ना! शिवाय कोबा तापायला काही तास जातात, पहाटे चारला बटण दाबलं आणि पाचला पाय गरम असं होत नाही, संध्याकाळीच सुरू करावं लागतं.

माझं मत विचाराल तर सगळ्या बंगल्याला अजिबात करू नका. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ असलं तरी दुपारी परत उकडायला लागतंय. फक्त आईंच्याच खोलीला पाहिजे असेल तर पंप, मॅनिफोल्ड (लूपना पाणी वाटून देणारा जोड) एवढा पसारा कशाला, फरशीखाली तापणाऱ्या वायरची इलेक्ट्रिक मॅट टाका, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नीट लावून. पाण्याचंच करायचं ठरलं तर शीट, पाइप, कोबा धरून त्या खोलीची लेव्हल आठ-दहा सेंटिमीटर वर येते, तेव्हा चौकटी बसायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टरच्या कानावर घाला.