2100 मधली बुडालेली मुंबई रंगवायची आहे. गेटवेच्या कमानीपर्यंत पाणी दाखवू का? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

कमानीपर्यंत मुळीच नको. गेटवे 26 मीटर उंच. अख्ख्या ग्रीनलंडचा बर्फ वितळला तरी समुद्र 7 मीटरच्या आसपास चढेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2021च्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जन धरूनही 2100 पर्यंतची संभाव्य वाढ 0.63 ते 1.01 मीटर आहे. एक मीटर धरा. ‘मग चित्रात दिसणार काय?’ हे मला दर वेळी ऐकवलं जातं, म्हणून जरा विस्ताराने.

आधी पातळी. भरतीच्या तक्त्यातलं 4.8 मीटरचं उधाण चार्ट डेटमपासून, म्हणजे सर्वांत खालच्या ओहोटीजवळच्या शून्यापासून मोजलेलं असतं, नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत दोन्हींत साधारण अडीच मीटरचा फरक. म्हणजे आजचं उधाण नकाशावर 2.3 आणि मीटरभर वाढीनंतर 3.3. लोक नकाशावर 1 मीटरखालचं तेवढं निळं करतात, नाहीतर थेट 5.8 पर्यंत भरून टाकतात. दोन्ही चूक.

जागा माहीमच्या खाडीलगतची गल्ली घ्या आणि वेळ ओहोटीची. उधाणाच्या दिवसांत इथं पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे तीच गल्ली दिवसातून दोनदा चिखल होणार. तिवरं सरासरी पातळी आणि भरतीरेषा यांच्यामध्येच रुजतात, म्हणून नव्या हिशेबात 1 ते 3.3 मीटरच्या पट्ट्यातच रंगवा, श्वासमुळांसकट. भिंतीवर 3.3 पर्यंत काळपट शेवाळ, त्यावर लोणा. उघड्या सळया भरतीरेषेच्या जरा वर दाखवा, पाण्याखाली नाही. तिथं खारं पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. फोटोवर उंची मोजायला जिन्याची पायरी 15 सेंमी धरा.

भरतीचंच चित्र हवं असेल तर प्रतिबिंबासाठी फोटो उलटा करून चिकटवू नका. प्रतिबिंबात सज्जांचा खालचा भाग जास्त दिसतो. शिवाय पाणी गढूळ असतं: पायाशी निव्वळ मातकट, चमक लांबवर.

दादरजवळचा हिंदमाता हा सखल चौक रंगवलात तर लाट नको. तिथं पाणी गटारातून येतं. भरतीला पर्जन्यवाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाऊस आतच तुंबतो.

‘भडक असल्याशिवाय कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांसाठी: ईव्ह मोशर या चित्रकर्तीनं 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर समुद्रसपाटीपासून 10 फूट उंचीची रेघ ओढली, मैदानावर फक्की मारायच्या गाडीनं. निळी फक्की, एवढंच. लोक थांबून विचारत होते.

हो, एक राहिलं. उपग्रहाचा फुकट मिळणारा 30 मीटरचा उंची-नकाशा दाट वस्तीत जमिनीऐवजी छपरं मोजतो, त्यावर मीटरभराचा निवाडा होत नाही. वरच्या हिशेबात बांध, पंप आणि वादळाचा फुगवटाही धरलेला नाही.

सॉफ्टवेअर? क्रिटा फुकट आहे.